खांद्याचं ओझं कंबरेवर नको

अगं, नुसता खांदा असता तर मी दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो. नुसती कंबर असती तरी तेच. पंचाईत अशी की तुझी दोन्ही एकदम धरलीत, आणि जिममध्ये एकाला सांभाळायला जावं तर सगळं दुसऱ्याच्या माथी येतं. खांद्याला त्रास नको म्हणून बारबेल पाठीवर घ्यायची सोडलीस आणि लेग प्रेसवर बसलीस, तर गुडघे छातीशी आले की बूड गादीवरून उचलतं आणि कंबर गोल होते. कंबर वाचवायला स्क्वॉट सोडून बेंच प्रेसचे सेट वाढवलेस, तर खांदा बोंब मारतो. उभ्यानं वजन डोक्यावर न्यायला गेलीस, तर अडलेला हात पुरता वर जात नाही. मग राहिलेली उंची कंबर मागे वाकवून काढली जाते. आरशात बाजूनं बघ, लगेच दिसेल.

म्हणून कुठलाही व्यायाम बदलून घेतलास की दोन प्रश्न विचारायचे. ज्याच्यासाठी बदलला त्याला आराम पडला का? आणि त्याचा भार आता कोण उचलतंय? जिममधली ट्रेनर पोरं पहिला प्रश्न विचारतात, दुसरा राहून जातो. पुढचं माझं सगळं सांगणं त्या दुसऱ्या प्रश्नाचंच आहे.

त्याआधी चार गोष्टी पाठ करून ठेव. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल ओढायला लागलं, पायातली चप्पल नकळत निसटायला लागली, तर व्यायामाचा विषय बंद. त्याच तासाला हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेल्याची ही लक्षणं. तिथं उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, कुशीवर वळूनही न थांबणारी रात्रीची कळ, यांना डॉक्टर. पडल्यावर हात उचलताच येत नसेल किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसत असेल तर आधी एक्स-रे. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत घाम, धाप, छातीत दडपण असेल तर तो खांदा नव्हेच. तुझ्या आईचा खांदा आखडलाय तो प्रकार आणखी वेगळा. मधुमेहवाल्यांत आणि चाळीस ते साठच्या वयात तो जास्त दिसतो, वर्ष-दोन वर्षं रेंगाळतो. तिला हे काही करायला लावू नकोस.

तुला फिजिओनं तपासलंय, नसांचं काही नाही असं सांगितलंय, म्हणून पुढचं बोलतो.

तो एमआरआयचा कागद मात्र कपाटात ठेवून दे. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय असं वाचलंस आणि दोन दिवस रडत बसलीस, असं तुझी आई म्हणाली. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झालाय, पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या तीन हजारांवर माणसांच्या स्कॅनचा. तिशीच्या वयाच्या, काहीच न दुखणाऱ्या माणसांत ४० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या आणि ५२ टक्क्यांच्या झिजायला लागलेल्या निघाल्या. ऐंशीच्या वयात तर झीज ९६ टक्क्यांत. म्हणजे तुझ्या बँकेच्या शाखेत सगळ्यांना मशीनमध्ये घातलं तर कितीजणांचा कागद तुझ्यासारखाच येईल. तो कागद खोटा नाही. पण किती वजन उचलायचं हे कागदाला विचारायचं नाही.

मग कुणाला विचारायचं? दुसऱ्या दिवशीच्या सकाळला. फिजिओ लोक शून्य ते दहाचं माप वापरतात, ते चांगलं आहे. व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं, पाचावर गेलं तर वजन खाली. पण खरी कसोटी चोवीस तासांनी. सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुताना कंबर कशी आहे? वेणी घालायला हात मागे नेताना, दोरीवर कपडे टाकताना खांदा कसा आहे? कालच्या इतकाच असेल तर काल केलेलं पचलं. वाढलेला असेल तर काहीतरी जास्त झालं, मग पुढच्या वेळी निम्मं कर. बंद करू नकोस, निम्मं कर. आणि दुखणं एका जागेवरून सरकून पोटरीत, पावलात उतरायला लागलं तर ते वाढलं असं समज, कंबरेतली कळ कमी झाली असली तरी. उलट पायातलं वर सरकून कंबरेत गोळा झालं तर घाबरू नकोस. ते सुधारण्याचं लक्षण असतं.

कंबरेचं आणखी एक ओळखून ठेव. तुझी वाकल्यावर, बसून राहिल्यावर दुखते की मागे झुकल्यावर, फार वेळ उभं राहिल्यावर? पहिल्या जातीच्या कंबरेला बसून करायचे, पुढं वाकायचे व्यायाम सोसत नाहीत. दुसऱ्या जातीच्या कंबरेला बेंचवर कमान करून झोपणं, पोटावर झोपून छाती उचलणं सोसत नाही. यूट्यूबवर एकाला बरं झालेलं आसन दुसऱ्याला का भोवतं, त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे. तुझी पहिल्या जातीची दिसते, कारण काउंटरवर दोन तास बसून उठलीस की तू सरळ होईपर्यंत चार पावलं जातात.

मालिशवाले, हाडं वाजवणारे यांच्याबद्दल आपल्याकडं फार श्रद्धा. हाड बसवणं ही विद्या होती, नाही असं नाही, बडोद्याच्या प्रो. माणिकरावांचं नाव त्यासाठी गाजलं. पण तालमीच्या दारात बसलेला प्रत्येक जण माणिकराव नव्हे. आणि पायाळू माणसाची लाथ तर अजिबात नको. तुझी आजी सुचवेलच. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण उतरते, त्या काळात कुणी लाथ मारली की श्रेय पायाळूला. शेक घे, गरम पाण्याची पिशवी असो की रुईची पानं, स्नायू सैल पडतात. अंथरूण मात्र धरू नकोस. १९८६ साली अमेरिकेत डॉक्टरांनी कंबर धरलेल्या माणसांचे दोन गट केले, एकाला दोन दिवस झोपायला सांगितलं, दुसऱ्याला सात. बरं वाटायला सात दिवसवाल्यांना काही फायदा झाला नाही, कामावरचे दिवस मात्र त्यांचेच जास्त बुडाले.

आता जिमकडं येऊ. खरा घात सेटमध्ये क्वचित होतो. तो होतो डंबेल रॅकवरून उचलताना, प्लेट बारवर चढवताना, सेट संपल्यावर दमलेल्या अंगानं वजन खाली ठेवताना, तेही गाण्याच्या नादात, बाजूच्याशी बोलताना. याचं साधं गणित आहे. पाठीचे ताणणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. तू दहा किलोची प्लेट मणक्यापासून पन्नास सेंटिमीटर लांब धरलीस, तर ती तोलायला त्या स्नायूंना दसपट, म्हणजे शंभर किलोची ओढ लावावी लागते, आणि ती सगळी त्या गादीवर दाब बनून येते. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तीच प्लेट पोटाला चिकटवून धरलीस की ओढ निम्म्याहून खाली येते. खांद्याचंही तसंच, हात लांब तेवढी त्याची फरफट. हळदीच्या पेठेत हमाल पोतं कसं घेतात बघ कधी. आधी पोतं अंगाला लागतं, मग माणूस उठतो, आणि वळायचं तर पावलं वळतात, कंबर पिळत नाही. म्हणून रॅकवर खालच्या फळीतली डंबेल तू घ्यायची नाहीत. कुणाला तरी द्यायला सांग. लाजू नकोस. आणि प्लेट दोन्ही हातांनी, छातीशी धरून न्यायची, दोन बोटांत लटकवून नव्हे.

ढकलायच्या व्यायामांत तुझा उजवा खांदा नेमका कुठं बिघडतो ते समजून घे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. बशीवर लिंबू ठेवावं तसा तो टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंचं, आणि बशी योग्य कोनात फिरवायचं काम खांद्याच्या पात्याचं. बेंचवर पाठ टेकून झोपलीस की पातं अंगाखाली दबतं, फिरू शकत नाही. त्यात बार छातीपर्यंत आणलास की कोपर अंगाच्या खाली जातं आणि गोळा पुढच्या बाजूला रेटला जातो. तिथंच कळ येते.

तेव्हा बारबेलचा बेंच सध्या ठेव बाजूला. जमिनीवर झोपून डंबेल दाब, गुडघे वाकवून, तळवे जमिनीला टेकवून. कोपर जमिनीला लागलं की तिथं थांबतंच, त्याखाली जायचा मार्गच नाही. गुडघे वाकलेले म्हणून कंबरही जमिनीवर निवांत. तळहात एकमेकांकडं, कोपरं अंगापासून पंचेचाळीस अंशांवर, काटकोनात पसरलेली नकोत. आता दुसरा प्रश्न विचार. डंबेल घेऊन जमिनीवरून उठायचं कसं? इथंच कंबर जाते. कुशीवर वळून डंबेल हातात घ्यायची, मग उताणं व्हायचं. संपल्यावर दोन्ही बाजूंना टेकवायची, मोकळ्या अंगानं कुशीवर वळून उठायचं. हातात वजन घेऊन झटक्यात उठून बसायची ती जिममधली ऐट तुला परवडणारी नाही.

त्याहून मला आवडतात ते भिंतीवरचे जोर. हसू नकोस. जोरात पातं मोकळं राहतं, हात जमिनीला असला तरी ते बरगड्यांवरून पुढं-मागं सरकतं, आणि खांद्याला हवं असतं तेच. आधी भिंत, मग ओट्याची उंची, मग बेंचची उंची, मग जमीन. प्रत्येक पायरीवर बारा-पंधरा सावकाश, खाली जाताना तीन मोजत. दोन-तीन आठवडे एका पायरीवर काढलेस तरी काही बिघडत नाही. पण सरळ अंगाचे जोर हं. तालमीतला खरा जोर, नितंब वर नेऊन पुन्हा खाली झोकत छाती पुढं काढायचा, तो आत्ता नाही. त्यात खांदा खोलवर जातो आणि शेवटी कंबर मागे मुडपते, दोघांनाही एकाच वेळी त्रास. मी तालमीत वाढलो, तरी सांगतो. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन आणि पुढं वाकून हात टेकवणं यांनाही तेच लागू. एखाद्याला सोसतात, तुला सोसतात का ते सकाळच्या कसोटीवर ठरेल. संक्रांतीला सोसायटीत एकशे आठ घालायचे आहेत म्हणून नव्हे.

डोक्यावरचं वजन पूर्ण बंद ठेवायचीही गरज नाही. बारचं एक टोक कोपऱ्यात टेकव, टोकाला टॉवेल गुंडाळ म्हणजे भिंत खराब होणार नाही, दुसरं टोक हातात घेऊन एक गुडघा जमिनीला टेकवून तिरकं वर दाब. हात सरळ डोक्यावर जात नाही, पुढं आणि वर जातो, आणि गुडघा टेकलेला म्हणून कंबरेला मागे झुकायला वाव उरत नाही. दुखऱ्या बाजूचा गुडघा खाली. हात बाजूनं उचलायचे असतील तर अगदी बाजूनं नको, थोडे पुढून, साधारण तीस अंश, अंगठा वर. करंगळी वर करून डंबेल उचलायची जी पद्धत कोणीतरी शिकवली ती सोड. बार हनुवटीपर्यंत ओढायचा व्यायामही सोड. मानेमागं बार आणायचे दोन्ही प्रकार, ओढायचा आणि ढकलायचा, तुझ्यासारखीनं कायमचेच सोडले तरी आयुष्यात काही कमी पडणार नाही.

ओढायच्या व्यायामांत मला एकच सर्वांत मोलाचा वाटतो. बेंच तिरका कर, त्यावर पालथी झोप, छाती टेकलेली, आणि दोन्ही हातांतली डंबेल बरगड्यांकडं ओढ. वाकून बार ओढण्यात जो सगळा भार कंबरेवर येतो तो इथं बेंच घेतो. खांद्याची मागची बाजू आणि पात्यांमधले स्नायू मात्र पुरेपूर काम करतात. दोन्ही दुखण्यांना एकदम चालणारा असा व्यायाम क्वचित मिळतो. ढकलायचा एक सेट तर ओढायचे दोन, असं सध्या ठेव. पुलडाउन पुढून, हात समोरासमोर धरून; वर जाताना खांदे कानांना लागेपर्यंत सैल सोडू नकोस, आणि शेवटचे दोन काढायला मागे झोके घेऊ नकोस. बारला लोंबकळून कंबर मोकळी करायची कल्पना छान वाटते, कंबरेला बरंही वाटतं, पण ते सगळं अंग तुझ्या त्या उजव्या खांद्याला टांगलेलं असतं. पाय जमिनीला टेकवून, निम्मं वजन सोडून कर, तेही फिजिओ हो म्हणाली तर.

त्या चार छोट्या स्नायूंसाठी रबराची पट्टी घे. कोपर अंगाला, मध्ये घडी घातलेला नॅपकिन, आणि हात दारासारखा बाहेर उघड. दुखत असेल त्या दिवसांत नुसतं ओढून तीस-चाळीस सेकंद धरून ठेव, हलवू नकोस. कळ पुष्कळदा उतरते. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोत दिसत नाही, म्हणून सगळे टाळतात. स्नायूबंधांना रक्त कमी मिळतं, ते सावकाश सुधारतात. बारा आठवडे धरून चाल. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं आणि माणसं पट्टी खुंटीला लावतात, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पायांचं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. पाठीवर बार घ्यायला हात मागे फिरवावा लागतो, तो खांद्याला नको. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये डंबेल छातीशी धरायची असते, ती हलकी असेपर्यंत दोघांनाही चालते. जड झाली की पाय दमायच्या आधी खांदा दमतो. तेव्हा एक पाय पुढं, एक मागं ठेवून बैठका घाल, वजन चांगल्या हातात, दुसरा हात खांबाला. एका पायावर काम आलं की अर्ध्या वजनात पाय थरथरतात आणि कण्यावरचा भार तेवढाच कमी. पायरीवर चढ-उतार कर, उतरताना सावकाश. बेंचला पाठ टेकवून जांघेवर बार ठेवून नितंब वर उचलायचा व्यायाम कर, बारला जाड पॅड लाव, आणि वर गेल्यावर बरगड्या बाहेर काढून कमान करू नकोस. लेग प्रेस करायचाच तर बूड गादीवरून सुटायच्या आत थांब; कुठं सुटतं ते दुसऱ्या कुणाला तरी बाजूनं बघायला सांग, आपल्याला कळत नाही.

डेडलिफ्ट तुझा जीव की प्राण, माहीत आहे. तो परत येईल. आधी कंबरेऐवजी खुब्यातून वाकायला शिक. ट्रेनर पाठीला काठी धरून शिकवतो, एक हात मानेमागं, एक कंबरेमागं. तुझ्या खांद्याला ते दोन्ही जमणार नाही. त्याऐवजी भिंतीकडं पाठ करून वीतभर पुढं उभी राहा, गुडघे किंचित सैल, आणि बूड मागे नेऊन भिंतीला टेकव. जमलं की वीतभर आणखी पुढं. मांडीच्या मागे ताण आला, कंबरेत काही जाणवलं नाही, म्हणजे बरोबर. मग दोन पायांच्या मध्ये ठेवलेली केटलबेल, तीही लाकडी ठोकळ्यावर, म्हणजे खालपर्यंत जायला नको. मग बार गुडघ्याच्या उंचीवरून. जमिनीवरून सगळ्यात शेवटी. आणि सकाळी उठल्या उठल्या कधीच नाही. रात्रभर गाद्या पाणी पितात, फुगतात, माणूस सकाळी सेंटिमीटरभर तरी उंच असतो. त्या फुगलेल्या गादीला वाकणं जास्त जाचतं. उठल्यावर तासभर तरी फिर, कामं कर, मग वाक. तुझी सकाळी साडेपाचची बॅच असेल तर संध्याकाळची घे.

पोटाचे व्यायाम म्हणजे सिट-अप्स नव्हेत. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी जन्मभर कण्याचाच अभ्यास केला, त्यांचे तीन व्यायाम आता सगळीकडं सांगतात: एक गुडघा वाकवून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जरासे उचलणं, कुशीवरचा प्लँक, आणि रांगत्या स्थितीत उलटसुलट हात-पाय लांब करणं. दहा-दहा सेकंद धरायचे, सोडायचे. चांगले आहेत, पण ते नुसत्या कंबरेसाठी. तुझ्या उजव्या कुशीवरच्या प्लँकमध्ये सगळं अंग त्या खांद्यावर येतं. तेव्हा त्या बाजूनं उभ्यानं कर, कोपर भिंतीला टेकवून. रांगताना डावा हात उचललास की उजव्यावर भार, म्हणून सध्या फक्त पाय लांब कर, हात दोन्ही खालीच. आणि चांगल्या हातात जड डंबेल घेऊन, अंग एका बाजूला न झुकू देता चालायचं. डाव्या हातात वजन असलं की उजवी कूस आवळून धरते, म्हणजे दुखऱ्या खांद्याला हात न लावता त्या बाजूची कंबर कामाला लागते. पाण्याची बादलीही चालेल, पण मग पाणी सांडवायचं नाही.

डावा हात पूर्ण जोरानं चालू ठेव. उजव्याला विश्रांती म्हणून डाव्यालाही बसवून ठेवायचं काही कारण नाही. एका हाताला केलेल्या मेहनतीची काही ताकद दुसऱ्या, स्वस्थ बसलेल्या हातात उतरते, हे १८९४ सालीच अमेरिकेत येल विद्यापीठात दिसलं होतं. स्नायू न हलवता मेंदूच शिकतो. दोन्ही बाजू असमान होतील ही भीती काही महिन्यांसाठी सोडून दे.

मुद्गलाच्या हलक्या जोडीचं तू विचारलंस. हात कानापर्यंत न दुखता वर जायला लागला, की एक किलोच्या आतली घे. झोका लयीत, हात सैल, आरशासमोर, आणि मुद्गल मागे गेला की पोट आवळलेलं. नाहीतर तो कंबरेला घेऊन मागे जातो. जड करेल तर नकोच. माळ्यावर माझी जुनी जोडी पडलीय ती तुझ्या कामाची नाही, फार जड आहे.

घरातलं बोलायलाच हवं, कारण जिममध्ये तासभर आणि बाकीचे तेवीस तास बाहेर. माउस हाताशी घे, कोपर टेबलावर टेकलं पाहिजे. अर्ध्या तासानं उठ, टोकन नंबर ओरडायला का होईना. कुकर वरच्या फळीवर ठेवायचा नाही. चांगल्या कुशीवर झोप, दुखरा हात उशीला मिठी मारून, दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये. स्कूटीवर खड्डा दिसला की बुडावर दाणकन बसू नकोस, पाय फूटबोर्डवर टेकवून बूड किंचित उचल. सिलिंडर सरकवायला भावाला सांग, तो तेवढ्यासाठीच आहे.

खाण्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गोळ्यांचं मात्र एकच सांगतो, दुखायचं थांबावं म्हणून गोळी घेऊन जिमला जाऊ नकोस. वाढलं की नाही ते सांगणारा दुखणं हाच एक साक्षीदार, त्यालाच तू गप्प करून बसवशील. आणि कंबरेचा पट्टा जड सेटला पोटातला दाब धरायला असतो. दिवसभर बांधून बँकेत बसायला नसतो.

बरी होशील तेव्हा जास्त जप. वाईट दिवशी माणूस आपोआप सांभाळतो. चांगल्या दिवशी, सहा आठवड्यांनी सकाळी काहीच दुखत नाही अशा दिवशी, जुनं वजन लावून बघायची हुक्की येते. त्या दिवशी ठरलेलंच कर. वाढवायचं तर एका आठवड्यात एकच गोष्ट: वजन, किंवा सेट, किंवा खोली. दोन एकदम वाढवलीस आणि दुखलं तर कशानं दुखलं ते कळणार नाही. सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा जिममध्ये कुणी वापरत नाही, धूळ खात पडलेल्या असतात. त्या शोधून ठेव. बेंच परत सुरू करताना आधी डंबेलनं, थोड्या तिरक्या बेंचवर, छातीवर गुंडाळलेली सतरंजी ठेवून, म्हणजे खाली जायची मर्यादा सतरंजीच ठरवेल. मग घड्या एकेक कमी करायच्या. बारबेल त्यानंतर, पूर्वीच्या वजनाच्या निम्म्यानं. शिवाय खांदा आणि कंबर एकाच आठवड्यात वाढवायची नाहीत. या आठवड्यात ढकलायचं वाढवलंस तर डेडलिफ्ट आहे तिथंच.

ट्रेनरला हे सगळं समजावत बसू नकोस, तो ऐकेल असं नाही. एवढंच सांग की फिजिओनं दिलंय, बारा आठवडे हेच, आणि मला वजन उचलून द्यायला एक माणूस लागेल. फिजिओला मात्र माझं हे सांगणं दाखव. तिनं काही खोडलं तर तिचं ऐक, आणि काय खोडलं ते मला फोन करून सांग. दुपारी दोन ते चार नको, मी झोपलेला असतो.